मागून हाक

धरणाच्या भिंतीवर, काठावरच्या मोठ्या खडकावर आणि दुसरबीडकडून येणाऱ्या रस्त्याच्या वळणावर पिवळ्या ऑइलपेंटनं एक मोबाइल नंबर रंगवलेला आहे. वर लिहिलंय, 'पाण्यात अडचण आल्यास फोन करा. जलरक्षक दल, नवी सावंगी.' वाचणाऱ्याला वाटतं, कुठंतरी ऑफिस असेल, टेबल असेल, टेबलामागं गणवेशातला माणूस असेल. प्रत्यक्षात तो नंबर पुष्पाबाईचा. फोन वाजतो तेव्हा ती भाकरी थापत असते, नाहीतर वांग्याच्या वाफ्यात खुरपत असते, आणि पिठामातीच्या हातानं फोन कानाला लावून म्हणते, "हां, बोला. जलरक्षक."

नंबर तिचा का, तर दलाचे प्रमुख म्हणजे तिचे यजमान गुलाबराव, आणि त्यांचा फोन वर्षातून एकदा तरी धरणात पडतोच. लोकांना पाण्यातून काढणाऱ्याला स्वतःचा फोन काही पाण्याबाहेर ठेवता येत नाही, म्हणून गावानं पोटभर हसून घेतलं आणि भिंतीवर पुष्पाबाईचा नंबर रंगवून टाकला.

दल म्हणजे तरी किती मोठं? गुलाबराव, त्यांचा पुतण्या दीपक आणि हयातभर मासे धरलेले नारायणराव. जुनी सावंगी धरणात गेली, गाव वर सरकलं, आणि जिथं कधी ज्वारी उभी असायची तिथं पाणी बघायला बाहेरचे लोक येऊ लागले. बघता बघता त्यातले काही बुडूही लागले. या तिघांनी एक जुनी बोट मिळवली, एका भल्या माणसानं इंजन दिलं, नारंगी जाकिटं दिली. पगार नाही की भत्ता नाही. सुलतानपूर म्हणू नका, चिखली म्हणू नका, बोलावणं आलं की ट्रॉलीत बोट टाकून निघायचं.

पण बोलावणं यायचं ते सगळं आटोपल्यावर. "एक जण होता हो," असाच फोन यायचा. होता. पुष्पाबाईच्या कानाला त्या शब्दाची सवय झाली होती. मग काठावरची रडारड, मग दोरीला बांधलेले लोखंडी गळ पाण्यात सोडून तळ चाचपत फिरायचं, आणि जे हाताला लागेल ते चादरीत गुंडाळून नातेवाइकांच्या हवाली करायचं. गावात समोर सगळे 'काका, काका' करायचे आणि पाठ फिरली की 'मुडदेवाले' म्हणायचे. गुलाबरावांना ते ठाऊक होतं. एकदा ताटावर बसल्या बसल्या ते म्हणाले होते, "पुष्पे, एक तरी जिता माणूस काढाव वाटते मले. एकच. जो बोटीत बसून मले म्हणन, काका, प्यायले पाणी द्या."

 पुष्पाबाईनं त्यावर ताटात आणखी अर्धी भाकर टाकली, आणि ते वाक्य तिच्या मनात घर करून बसलं.

गुलाबरावांचे दलासाठी नियम होते. उपाशी पोटी पाण्यावर जायचं नाही. जाकीट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही. उलटलेल्या, बंद पडलेल्या बोटीत माणूस असेल तर त्याला ओरडून सांगायचं, बोट सोडू नको. आणि पाण्यावर निघालेल्याला मागून हाक मारायची नाही. आधीचे नियम शहाणपणाचे आणि शेवटचा बापजाद्यांचा, पण गुलाबराव सगळ्यात कडक पाळायचे तो शेवटचाच. पूर्वी एकदा ते निघाले असताना पुष्पाबाईनं अंगणातून ओरडून सांगितलं होतं, "अवो, भाकर राह्यली!" त्या खेपेला प्रेत दोन दिवस हाती लागलं नाही. बुडालेल्याची आई काठावर बसून राहिली, उठेचना. घरी आल्यावर गुलाबराव एवढंच म्हणाले, "तू हाक मारली होती." रागावले असते तर तिनंही चार शब्द सुनावले असते. ते रागावले नाहीत, हेच तिला लागलं. त्यानंतर ते निघाले की ती दारात पदर तोंडाशी धरून उभी राहायची.

यंदाच्या दसऱ्याला धरण काठोकाठ भरलं होतं. पाण्यात बुडालेल्या बाभळींचे नुसते वाळके शेंडे वर दिसत. गुलाबराव पहाटेच झेंडू घेऊन चिखलीच्या बाजारात गेले. पुष्पाबाईनं ओसरी सारवली, पाट मांडले आणि घरातली हत्यारं पूजेला काढली. विळे, कुऱ्हाड, खुरपी, फवारणीचा पंप. या ओळीत सगळ्यांत मानाची जागा बोटीच्या इंजनाची. दीपकनं आदल्या दिवशी ते बोटीवरून सोडवून आणलं होतं, पुसून लख्ख केलं होतं, टाकी भरून ठेवली होती. पुष्पाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, समोर समई ठेवली.

समई पेटवायला काडी ओढणार तेवढ्यात तिच्या नाकाला पेट्रोलचा वास आला. तिनं काडी तशीच खाली ठेवली. समोर दिवा, मागं कुडाची भिंत, वर वाळत घातलेला कडबा, आणि मधे हे भरल्या पोटाचं इंजन. कुणीही शहाणी बाई करेल तेच तिनं केलं. गुलाबरावांना करताना तिनं कितीदा पाहिलं होतं, तशी तिनं नळी सोडवली, टाकीतलं पेट्रोल गोडेतेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये उतरवलं, नळी परत बसवली आणि कॅन नेऊन शेवग्याखाली सावलीला ठेवली. मग निर्धास्त मनानं समई लावली. धनी आले की सांगू, असं तिच्या मनात होतं.

धनी आले ते दमून आले. पुरणपोळी जेवले, ओसरीच्या कडेला पटकूर टाकून आडवे झाले. सणाच्या दिवशी उठवून काय सांगायचं, संध्याकाळी सोनं लुटून आले की सांगू, असं म्हणून ती भांड्यांकडे वळली. पूजेला बसवलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नसतं, तेव्हा घाई कसली?

दुपार कलली तसं आभाळ एका अंगानं काळं झालं आणि वारं सुटलं. तेवढ्यात फोन वाजला.

"हां, बोला. जलरक्षक."

"हॅलो, हॅलो, मावशी, आम्ही बोटीत आहोत! आमची बोट बंद पडली!"

पुष्पाबाईला आधी समजलंच नाही. 'आहोत' असं या फोनवर आजवर कुणी म्हणालंच नव्हतं.

"कोन बोलून राह्यलं, माय?"

"मी अर्पिता. चिखलीची. मी, माझे मिस्टर आणि माझी मुलगी. मिस्टरांच्या मित्राचं शेत आहे इथं, त्यांची छोटी बोट आहे. फिरायला म्हणून आलो. पंख्यात जाळं अडकलं, इंजन बंद झालं. जाळं बोटीला सोडत नाही, वारा झोडपून राह्यला आम्हाला, आणि मावशी, बोटीत पाणी येऊन राह्यलं!"

पुष्पाबाई ओसरीकडे धावली. "उठा! अवो, उठा! माणसं हायेत पाण्यात! जिती हायेत!"

गुलाबराव उठले ते उभेच. कधी नव्हे ते तिनं त्यांच्या तोंडावर एकाच वेळी धसका आणि आनंद पाहिला. त्यांनी फोन हिसकावून घेतला, कुठं आहात, काय दिसतं, पाणी किती आलं, सगळं विचारलं. "हे पाहा ताई, काही झालं तरी बोट सोडू नका. बोट पान्यानं भरली तरी तरंगते. तिले धरून राहा. आमी आलोच." मग फोन पुष्पाबाईच्या हातात कोंबत म्हणाले, "फोन ठेवू नको. तिले बोलत ठेव. भेव वाटलं तं माणूस उडी मारते."

शेजारून दीपक मोटारसायकल घेऊन आला. गुलाबरावांनी समई पायानं बाजूला सारली, इंजन माळेसकट उचललं आणि मोटारसायकलवर मागं बसून मांडीवर घेतलं. पूजेचं हत्यार हलवायचं नसतं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. झेंडूची फुलं अंगणभर सांडली.

पुष्पाबाई फोन कानाला लावून चुलीपाशी उभी होती. अर्पिता सांगत होती, की मुलगी छकुली रडते आहे, की नवरा ऋत्विक डब्यानं पाणी उपसतो आहे. पुष्पाबाई 'हाव माय, हाव माय' करत होती. तिची नजर अंगणातल्या फुलांवरून शेवग्याकडे गेली.

पेट्रोल.

ती धावली. कॅन उचलून वळते तो मोटारसायकल फाटकात पोचलेली. मोठ्यानं हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढंच अंतर होतं. तिनं तोंड उघडलं. 'अवो' हा शब्द गळ्यापर्यंत आला.

आणि तिथंच अडकला. ते पाण्यावर निघाले होते. आज पहिल्यांदा जित्या माणसांकडं निघाले होते. काठावर बसलेली ती आई तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि 'तू हाक मारली होती' हे शब्द. तीन जिवांच्या मागं आपली हाक कशी लावायची? बोटीला इंजन बसवायला वेळ तर लागतोच, तोवर आपण पोचू, हातात कॅन देऊ, असं तिनं स्वतःला समजावलं. मोटारसायकल वळणाआड गेली.

एका हातात फोन, एका हातात कॅन, असं पुष्पाबाईनं उतारावरून पळायला सुरुवात केली. आयुष्यात ती कधी एवढी पळाली नव्हती. पेट्रोल कॅनमध्ये हिंदकळत होतं, पायातली चप्पल कुठं गेली तिला कळलं नाही. फोनवर ती धापा टाकत बोलत होती. "येऊन राह्यले, माय. निघाले. तू पोरीले पोटाशी धर. काय नाव म्हटलं तिचं?"

"छकुली."

"छकुलीले म्हण, आजोबा मोठी बोट घेऊन येऊन राह्यले."

नेमकी त्या दिवशी सगळ्यांनी कामं चोख केली. नारायणरावांचं घर काठालाच. दीपकचा फोन जाताच त्यांनी बोट पाण्यात ढकलून ठेवली होती, दीपकनं इंजनाचे एरवी कुरकुरणारे खिट्टे झटक्यात आवळले. पुष्पाबाई काठाच्या शेवटच्या टेकाडावर आली तेव्हा इंजन सुरू झालेलं होतं. टाकीच्या बुडाशी आणि नळीत जे काही थेंब राहिले होते त्यांवर ते पहिल्या ओढीत फुरफुरलं.

आता ती ओरडली. आता तिला शकुन-अपशकुन काही आठवलं नाही. "अवो! थांबा! पेट्रोल नाई त्यात! अवो!"

इंजनाच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? बोटीत तिघंही पुढं तोंड करून बसलेले. गळ्यात झेंडूची माळ असलेलं इंजन पाणी कापत चाललं होतं. दूर, पार त्या अंगाला, एक पांढरी छोटी बोट वाऱ्यानं तिरकी होत चाललेली दिसत होती. बोटीवर लाल काहीतरी हलत होतं. ती अर्पिताची ओढणी असावी.

"मावशी, दिसली! तुमची बोट दिसली!" फोनमधून अर्पिता रडत हसली. मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "आले! छकुली, बघ, आले!"

पुष्पाबाई पाण्यात उतरली. गुडघाभर, मग मांडीभर. पोहता तिला येत नव्हतं. देवा, तेवढं पुरू दे, एवढं एकच तिच्या तोंडी होतं. टाकी आपणच रिकामी केली हे तिला माहीत होतं, तरी ती देवाकडे पेट्रोल मागत होती.

धरणाच्या मध्यावर इंजन बंद पडलं.

दीपकनं दोरी ओढली. पुन्हा ओढली. मग टाकीचं झाकण उघडून पाहिलं असावं, कारण तो तसाच वाकून राहिला. गुलाबराव उभे राहिले आणि त्यांनी काठाकडे वळून पाहिलं. पुष्पाबाईनं कॅन डोक्यावर उंच धरली. तेवढ्या अंतरावरून चेहरा दिसत नाही, पण त्यांना कळलं हे तिला कळलं. परत फिरावं तर वारा पाठीशी होता, पण त्या तिघांपासून दूर जायचं. पुढं जावं तर वारा छातीवर. गुलाबराव खाली बसले आणि वल्ही पाण्यात टाकली. पुढंच.

काठावर कुणी नव्हतं. सारं गाव शिलंगणाला गेलेलं. मासेमारांचे थर्माकोलचे तराफे पलीकडच्या काठाला उपडे पडलेले. पाण्यात डुंबणाऱ्या चार म्हशी आणि त्यांच्यामधे पेट्रोलची भरली कॅन धरून उभी असलेली पुष्पाबाई. संताप यावा असं दृश्य होतं, पण संतापावं कुणावर?

"मावशी," फोनमधला आवाज बदलला होता. "ती बोट थांबली का हो?"

इथं एक खोटं बोलायला हवं होतं. थांबली नाही, जाळं चुकवून येत आहेत, असं काहीही. फोनवर लोकांशी खोटं बोलायची वेळ पुष्पाबाईवर कधी आलीच नव्हती, कारण आजवर ज्यांच्याशी ती बोलली त्यांना खोट्याचा काही उपयोग नव्हता. शिवाय मघा बोलायचं तेव्हा आपण गप्प बसलो, हे तिला आत खात होतं. आता गप्प बसायचं नाही, एवढंच तिला सुचलं.

"पेट्रोल सरलं, माय, त्यातलं," ती म्हणाली. "पन वल्ह्यानं येऊन राह्यले. येतेत. तू घाबरू नको."

"पेट्रोल संपलं म्हणतात," अर्पितानं मागं वळून सांगितलेलं पुष्पाबाईला ऐकू आलं. मग वाऱ्याचा आवाज, पोरीचं रडणं, आणि पुरुषाचा आवाज. "म्हणजे ते काही येत नाहीत. पाणी बघ किती झालं. मी जातो पोहत. ती बाभूळ दिसते ना, तिथपर्यंत जातो, तिथून काठ जवळ आहे. कुणाला तरी घेऊन येतो."

"नका जाऊ हो!"

"अगं, विहिरीत पोहणारा माणूस मी. माझं वजन कमी झालं की बोटीत पाणी कमी येईल."

"त्याइले सांग, बोट सोडू नका!" पुष्पाबाई किंचाळली. "माय, फोन त्याइच्या कानाला लाव! बोट बुडत नाई, आमच्या मालकानं सांगतलं नाई का! खाली जाळे हायेत, काटे हायेत! त्याइले दे फोन!"

फोनमधून पाण्याचा आवाज आला. दूरवर त्या पांढऱ्या बोटीपाशी काही तरी उसळलं आणि बोट हलकी होऊन डोलली.

"गेले," अर्पिता म्हणाली. "पोहून राह्यले. चांगलं पोहतात ते."

"हाव माय."

"दिसून राह्यले मला. बाभळीजवळ आले."

"हाव."

गुलाबरावांची बोट अजून अर्ध्या वाटेत होती. वल्ही उचलली जात होती, पडत होती. पुष्पाबाई एका बोटीकडून दुसरीकडे, दुसरीकडून बाभळीच्या शेंड्याकडे नुसती बघत होती. हातात फोन, हातात कॅन, आणि दोन्हीतलं काहीएक कामाचं नाही.

"हात हलवला त्यांनी," अर्पिता म्हणाली. "मावशी, ते हात हलवून राह्यले, पण पुढं नाही जाऊन राह्यले. थांबलेत तिथंच. दम घेत असतील ना?"

 बाभळीच्या बुडाशी जुनी जाळी अडकलेली असतात आणि पाय एकदा गेला की काय होतं, हे पुष्पाबाईनं घरात इतक्यांदा ऐकलं होतं. "हाव," ती म्हणाली. "दम घेत असतील."

हे ती खोटं बोलली. बोलायला नको तेव्हा खरं बोलली आणि उपयोग सरल्यावर खोटं.

"दिसतात. डोकं दिसतंय." वाऱ्याचा सोसाटा आला. "ऋत्विक! ऋत्विक!" मग बराच वेळ नुसता वारा. मग अगदी हळू, शेजारी बसून सांगावं तसा आवाज. "मावशी, दिसत नाहीत हो."

पुष्पाबाईनं फोन ठेवला नाही. ठेवू नको म्हणून सांगून गेले होते.  मधेच छकुली विचारायची, "पप्पा कुठं गेले?" आणि त्याचं उत्तर द्यायला इकडंही कुणी नव्हतं, तिकडंही.

गुलाबरावांनी आधी बाभूळ गाठली. दीपक दोरी कमरेला बांधून पाण्यात उतरला, पुन्हा पुन्हा बुडी मारून वर आला, रिकाम्या हातानं. मग ते पांढऱ्या बोटीपाशी गेले. ती बोट पाण्यानं भरली होती, काठ पाण्याबरोबर आले होते, आणि तरंगत होती. गुलाबरावांनी फोनवर सांगितलं होतं तशीच तरंगत होती. त्यांनी मायलेकींना उचलून घेतलं, जाकिटं घातली, आणि वाऱ्याबरोबर बोट काठाकडं वळवली. येताना वल्ह्यांना फार जोर लावावा लागला नाही.

तोवर गाव गोळा झालं. शिलंगणाहून परतलेली माणसं, हातात आपट्याची पानं, अंगावर नवे कपडे. "दोघी वाचल्या, दोघी वाचल्या," असं लोक एकमेकांना सांगू लागले. कुणीतरी म्हणालं, "गुलाबरावनं आज जिते माणसं काढले!" आणि म्हणता म्हणता गप्प झालं.

गुलाबराव छकुलीला कडेवर घेऊन पाण्यातून चालत आले. तिनं त्यांच्या सदऱ्याला धरून म्हटलं, "आजोबा, पाणी." त्यांनी मान वळवली. काठावर कुणीतरी पटकन तांब्या आणला. पोरगी घटाघटा पाणी प्याली आणि गुलाबराव तिच्याकडे न बघता समोर धरणाकडे बघत राहिले.

अर्पितानं चिखलात बसल्या बसल्या विचारलं, "मावशी कोण? फोनवरच्या?"

पुष्पाबाई पुढं झाली. तिला वाटत होतं, ही आता आपल्याला विचारील, कशाला सांगितलं पेट्रोल सरलं म्हणून. ते ऐकायची तिची तयारी होती. पण अर्पितानं तिच्या कमरेला मिठी मारली आणि तोंड तिच्या ओल्या लुगड्यात लपवलं. "तुम्ही बोलत होता म्हणून... नाहीतर मीपण मारली असती उडी. तुम्ही फोन नाही ठेवला."

पुष्पाबाईला शिव्या सहन झाल्या असत्या, पण हे सहन होईना. तिनं अर्पिताच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिच्या बोटांना पेट्रोलचा वास येत होता म्हणून तो काढून घेतला.

पुष्पाबाईनं खाली ठेवलेली कॅन गुलाबरावांनी उचलली, झाकण उघडून पाहिलं. आवाज न चढवता विचारलं, "हे तुयापाशी होतं?"

"समई लावाची होती. म्हनून काढून ठेवलं होतं. सांगतोच म्हनलं अन् राहून गेलं."

"निघालो तवा ध्यानात आलं नाई?"

"आलं. तुमी फाटकात होते."

"मंग हाक काऊन नाई मारली?"

पुष्पाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. "तुमी पाण्यावर चालले होते," ती म्हणाली. "मागून कशी मारू?"

 नारायणराव वल्ह्याकडे बघायला लागले. जन्मभर गुलाबरावांनी तिला जो शब्द पाळायला लावला तो तिनं पाळला होता, मग तिला बोल लावायला जागा कुठं होती? ते कॅन घेऊन बोटीकडं गेले. टाकीत पेट्रोल ओतलं. इंजनाच्या गळ्यातली माळ दीपकनं काढली, काय करावं न कळून हातात धरून ठेवली आणि शेवटी बोटीच्या कडेला ठेवली. मग नारायणरावांनी काठावरच्या खोपटातून दोरी आणि लोखंडी गळ काढून आणले. अर्पिताला ते काय आहे ते माहीत नव्हतं. पुष्पाबाईनं पुढं होऊन तिचं तोंड आपल्याकडं वळवून घेतलं.

उजेड होता तोवर शोधायला हवं होतं. तिघंही बोटीत चढले. इंजन पहिल्याच ओढीत सुरू झालं आणि चांगलं ठणठणीत वाजू लागलं. बोट काठावरून सुटली.

"अवो!"

पुष्पाबाईनं एवढ्या मोठ्यानं हाक मारली की काठावरची सगळी माणसं वळली. म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावला. पाण्यावर निघालेल्याला मागून हाक, आणि तीही खुद्द पुष्पाबाईची.

गुलाबरावांनी हात वर केला, दीपकनं इंजन बंद केलं. बोट पाण्यावर डुलत उभी राहिली. तिघांनीही मागं वळून पाहिलं. एवढी हाक मारायची होती, एवढीच, आणि किती सहज ऐकू जात होती.

"काय वं?" गुलाबरावांनी विचारलं. "काय राह्यलं?"

टाकी भरलेली होती. दोरी होती, गळ होते, जाकिटं होती. पुष्पाबाईला सांगायला काहीच नव्हतं.